दोन मिनिटं चौदा सेकंद

कारखान्याच्या कॉलनीत नळाला पाणी येणं बंद झालं, त्याच उन्हाळ्यात माझी शहरातली नोकरी गेली आणि मी घरी परत आले. नोकरी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची होती. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची माहिती बोलून ठेवायचे. आम्ही ती हेडफोनवर ऐकून टाइप करायचो. पुढे मशीनच ऐकू आणि लिहू लागलं. आमच्या मजल्यावरच्या खुर्च्या एकेक करून उचलल्या गेल्या, तशी माझीही गेली.

पप्पा सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे आणि रजिस्टरात आकडे लिहायचे, एवढंच त्यांचं काम. पण शिवारात ऊसच उरला नव्हता. दोन हंगाम गाळप झालं नाही, पगार थांबला. मी ज्या इंग्लिश शाळेत शिकले ती कारखान्याच्याच संस्थेची होती, तिलाही कुलूप लागलं. मग नोटीस आली: पुढच्या पावसाळ्याच्या आत क्वार्टर रिकामं करा. धारूरला मामांचं घर होतं. तिथं दोन खोल्यांत ते सहा जण होते, त्यात मम्मी, पप्पा आणि मी अशी तिघांची भर.

पप्पा म्हणायचे, सरकारी बघ. सरकारी म्हणजे हलत नाही.

मी रोज फोनवर शोधायचे. सुरुवातीला मी सरळ मेडिकल ट्रान्सक्रिप्शन आणि त्यापुढे सरकारी असं टाकायचे. काही यायचं नाही. आलं तरी ते परराज्यातलं, किंवा आधी फोटो आणि आधार मागणारं खोटं काहीतरी. सरकारात या कामाला हे नाव नसतं, हे कळायला मला दोन महिने लागले. तिथं ते काम टंकलेखकाच्या, अभिलेखाच्या, नाहीतर माहिती नोंदणीच्या पदामागे लपलेलं असतं. जाहिरातींतलं मराठी मला तीनतीनदा वाचावं लागायचं. पप्पांना विचारायची लाज वाटायची. त्यांनी मला ज्या शाळेत घातलं होतं, तिथून आलेली मी, आणि मला 'अर्हता' शब्द अडत होता.

मराठी टायपिंगचा, मिनिटाला तीस शब्दांचा दाखला नव्हता म्हणून दोन जागा हातच्या गेल्या. बीडला एका इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन मी तो काढला. रोज सकाळच्या एसटीनं जायचे आणि दुपारच्या उन्हात परत यायचे. गाडीत बायका रिकाम्या कॅन घेऊन बसलेल्या असायच्या. मी खिडकीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे कुणी काय करतेस असं विचारणार नाही.

शेवटी सरकारी दवाखान्याची जाहिरात निघाली. कंत्राटी पद, जागा एक. डॉक्टरांनी सांगितलेल्या नोंदी ऐकून संगणकावर घेणं. मी ती ओळ परत परत वाचली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं काम मागत होतं.

परीक्षेला आम्ही अकरा जण होतो. पप्पा सोबत आले होते, बाहेर लिंबाखाली थांबले. तिथल्या कारकुनाशी त्यांची ओळख निघाली. तो पाटोद्याकडचा, त्याचा भाऊ एके काळी कारखान्यात वजनकाट्यावर होता. एवढ्यावर पप्पांच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला.

हेडफोन लावले. ध्वनिफीत दवाखान्यातलीच होती. सहा वर्षांची मुलगी, वजन अठरा किलो, टँकरचं पाणी पिऊन उलट्या आणि जुलाब. डॉक्टर इंग्रजीतच बोलत होते, पण आपल्याकडच्या वळणाचं. माझी बोटं आपोआप चालत होती. आजूबाजूला बाकीचे अडखळत होते, मला दिसत होतं. या खोलीत मी सगळ्यात पुढे आहे असं वाटलं, आणि असं मला क्वचितच वाटतं.

मग फितीत टँकर आला. हॉर्न, भांड्यांचा खणखणाट, बायकांची आरडाओरड. डॉक्टर बोलत राहिले, पण एका इंजेक्शनचं नाव ऐकू आलं आणि त्याचं प्रमाण त्या गोंगाटात बुडालं. मी सात वेळा मागे नेऊन ऐकलं. काहीच नव्हतं.

आमच्या कामात याला एक नियम असतो. ऐकू आलं नाही ते लिहायचं नाही. तिथं रेघ ओढायची आणि वेळ टाकायची. रिकामी रेघ चालते, अंदाज चालत नाही. मी रेघ ओढली, दोन मिनिटं चौदा सेकंद असं लिहिलं आणि पुढे गेले.

छापील कागद जमा झाल्यावर तासाभरानं कारकून लिंबाखाली आला. तो माझ्याशी बोलला नाही, पप्पांशी बोलला.

"पोरीचा पेपर लई चांगला हाय. पण मधीच जागा सोडलीय. अपुरा म्हणून बाजूला काढतील. आता सगळे चहाला गेलेत, खोली उघडी हाय. पाच मिनिटांत भरून टाका म्हणावं."

तो गेल्यावर पप्पा माझ्याकडे वळले.

"कावून सोडली जागा, माय?"

मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रिकामा रकाना दिसला की साहेब पानच बाजूला टाकतो," ते म्हणाले. "आमच्यात यंत्र बंद पडलं, नमुना सांडला, तर कालचा आकडा टाकतेत. रस काय एका रातीत बदलत न्हाई."

"ऐकलेलंच नाही मी, पप्पा."

"तुला येत न्हाई का तो आकडा?"

येत होता. तेच तर होतं. अशा हजारो नोंदी मी टाइप केल्या होत्या. अठरा किलोच्या मुलाला ते औषध किती देतात हे मला डॉक्टरांइतकंच माहीत होतं. पप्पांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती, ती मी त्या उजेडात पहिल्यांदा पाहिली. मी आत गेले. कारकुनानं संगणकावर माझी फाइल उघडून ठेवली होती. मी रेघ आणि वेळ पुसली आणि तिथं नव्वद मिलिग्रॅम लिहिलं. त्यानं नवी प्रत काढली आणि जुनी फाडून टोपलीत टाकली.

मुलाखतीला माझा नंबर शेवटचा होता. समोर ध्वनिफितीतला आवाज बसला होता. थकलेले, चाळिशीचे डॉक्टर. त्यांनी माझा कागद पुढे ओढला.

"टायपिंग उत्तम आहे तुमचं," ते म्हणाले. "हे नव्वद तुम्ही ऐकलंत?"

मी त्या आकड्याकडे बघितलं.

"वजनाच्या हिशेबानं बरोबर आहे. पण मी दिलं नव्हतं. त्या पोरीची लघवी बंद झाली होती, म्हणून मी डोस निम्म्यानं कमी केला. ते मी त्या टँकरच्या आवाजातच बोललो होतो." त्यांनी माझा कागद बाकीच्या दहा कागदांवर ठेवला. "फीत मुद्दाम हीच लावली होती. अकरांतला एक जण तरी तिथं जागा सोडेल असं वाटलं होतं मला."

सोडली होती, एवढंच म्हणायचं होतं. टोपली शेजारच्याच खोलीत होती. पण ते म्हटलं की कारकुनाचं नाव येणार, त्याच्यामागून पप्पांचं. आणि खरं सांगायचं तर, ते दोघं नसते तरी मी बोलले असते याची मला खात्री नाही. वर्गातही बरोबर उत्तर येत असताना मी कधी हात वर केला नव्हता. पुसणारी बोटं माझीच होती. मी थँक यू सर म्हणाले आणि उठले.

बाहेर पप्पांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, टायपिंग उत्तम आहे म्हणाले. ते लगेच कारकुनाच्या खिडकीशी गेले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"तुमी होता म्हणून, साहेब."

"आवो, आपल्याच भागातली पोरगी हाय," कारकून म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसले.

आठवड्यानं निकाल लागला. एकही उमेदवार पात्र नाही, पुन्हा जाहिरात काढू, असं लिहिलं होतं. ती निघाली नाही, निदान आम्ही कॉलनीत होतो तोवर तरी. धारूरला सामान नेणाऱ्या टेम्पोत पप्पा पुढे बसले होते, मी आणि मम्मी मागे भांड्यांजवळ. वाटेत कुठंतरी ते मान वळवून म्हणाले, त्या कारकुनानं मात्र त्याच्या परीनं केलं, माणूस चांगला.

मी हो म्हटलं.