अप्पांचा बिनकाट्याचा बांगडा

माझी मुलगी डुकराच्या मांसाऐवजी गाजराचं बेकन करते आहे. गाजराच्या लांब, पातळ पट्ट्या तिने सोया सॉस, गूळ आणि तिखटात मुरवल्या. मग कोळसा गॅसवर लाल करून वाटीत ठेवला, त्यावर तेल सोडलं आणि पट्ट्यांना धुरी दिली. आता त्या तव्यावर कुरकुरीत होत आहेत. तिने मांस सोडलं आहे. सोडलेल्या गोष्टीची चव मात्र जीभ विसरत नाही, आणि ती भागवायला माणूस मातीतल्या कंदमुळांकडेच का वळतो, कोण जाणे.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मी गेले त्या दिवशी अप्पा नवस बोलले, पोरगी पदवीधर होईपर्यंत मासे खाणार नाही. एरवी माशाशिवाय त्यांचा घास उतरत नसे. मग आई परसातल्या सुरणाचे काप आमसुलाच्या पाण्यात भिजवायची, बांगड्याचा मसाला लावायची आणि रव्यात घोळवून तळायची.

"बिनकाट्याचा बांगडा झकास झालाय गो," अप्पा म्हणायचे.

"मग गुमान जेवा," आई म्हणायची. दोघंही हसायची.

शेवटच्या वर्षी मी इंग्रजीत नापास झाले. निकाल सांगून चुलीपाशी रडत बसले. अप्पा आईला म्हणाले, "यंदा सुरण जरा जास्त लाव गो. अजून एक वर्ष पुरायला हवा."