बी साइडच्या शेवटची कोरी टेप

आज हे जाऊन वर्ष झालं. आणि आज सकाळी मला यांचा आवाज ऐकू आला.

घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे माझं. नीट सांगते.

आमचे हे, मधुकर, लग्नाआधी बँडमध्ये गिटार वाजवायचे. साठच्या दशकात, मानवतच्या एका मोटार गॅरेजमध्ये. चार पोरं, उसना लाउडस्पीकर, आणि गाणी काय, तर जात्यावरच्या ओव्या गिटारवर.

गायचा विलास, यांचा जिवलग मित्र.

एक छोटी रेकॉर्ड निघाली. ती घरच्यांनीच विकत घेतली.

मग विलास काविळीने गेला. बँड संपला.

पुढे यांनी परभणीत कॅसेटचं दुकान टाकलं. नामांतराची ती वर्षं. आज बंद, उद्या मोर्चा, एसटी येईल तेव्हा खरी. गिऱ्हाईक नसलं की हे बँडच्या टेपचे जुने स्पूल काढून बसायचे. एक दिवस म्हणाले, "विलासची सगळी गाणी एका कॅसेटवर आणतो."

मी म्हटलं, "घ्यायला घरचे तरी उरलेत का?"

पण आणलीच. रेकॉर्डिंगचं बटण दाबताना दर वेळी, बँडपासूनच्या सवयीने, "एक, दोन... हं." तीन म्हणायचा धीर या माणसाला कधी झाला नाही.

पहिली कॅसेट ऐकायला विलासच्या आई पोखर्णीहून आल्या. आम्ही त्यांना माई म्हणायचो. स्टुलावर डोळे मिटून बसल्या. रडल्या नाहीत. बी साइडचं शेवटचं गाणं संपलं, मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब गं. अजून हाय की."

"संपलं, माई."

"न्हाई. गायलाय त्यो."

मी आवाज पूर्ण मोठा केला. नुसती खरखर. आणि त्या खरखरीच्या तळाशी, विहिरीतून यावा तसा, विलास. एकच ओळ, मायला हाक मारणारी. मग पुन्हा खरखर.

असं गाणं कॅसेटवर घेतलंच नव्हतं.

हे माईंच्या पुढ्यात येऊन बसले.

"माई, तुझ्यावरचं गाणं होतं ते. शेवटचं. मीच कापलं."

विलास गेला तेव्हा बँडच्या पोरांना वाटलं, माणूस गेला आणि आईला मारलेली शेवटची हाक मागं राहिली तर त्याचा जीव अडकेल. म्हणून यांनी तेवढी टेप कात्रीने कापली आणि अस्थींबरोबर गंगाखेडला गोदावरीत सोडली.

पण गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्यावरचा आवाज खालच्या वेढ्यावर उमटतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर जास्तच. ते तेव्हा कुणाला ठाऊक? गाणं नदीत गेलं. त्याची पहिली ओळ आधीच्या कोऱ्या टेपवर राहिली, तीच कॅसेटवर उतरली.

मला वाटलं, माई आता शिव्या घालणार. त्यांनी टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "अडकला तर अडकू दे. माझ्यापाशीच अडकलाय ना? तेवढं पुसू नको, बाबा."

नाही पुसलं. कॅसेट तशीच निघाली. "शेवटी टेप कोरीच हाय," म्हणून लोक परत आणायचे. हे मुकाट्याने दुसरी द्यायचे. तीही तशीच.

माई गेल्या. दुकान गेलं. गेल्या वर्षी हे गेले.

आज वर्षश्राद्ध. मी स्वयंपाकात, आणि आमचा निखिल ती कॅसेट लॅपटॉपवर घेत होता.

"आई, शेवटी नुसता नॉइज आहे. कट करू?"

पिठाच्या हाताने तशीच उठले. हेडफोन लावला.

खरखर.

आणि विलासच्या ओळीच्या आधी, त्याच्याहूनही लांबून,

"एक, दोन... हं."

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. मागे फक्त भिंत होती आणि हार घातलेला फोटो.

हा यांचा माझ्याशी लग्न होण्याआधीचा आवाज. इतकी वर्षं आम्ही सगळे विलासलाच ऐकत होतो. त्याच्या आधी कोण बोलतंय, इकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. यांनीही कधी सांगितलं नाही.

खूप रडले. वर्षभरात पहिल्यांदा.

गुरुजी म्हणाले, "वर्ष झालं, आता त्यांना मोकळं करा." त्यांनी सांगितलेलं सगळं केलं. पिंड झाले, पान वाढलं, कावळाही लगेच शिवला.

निखिलला मात्र सांगितलं, "शेवटच्या त्या खरखरीला हात लावायचा नाही."

श्रद्धांजली तुम्ही सगळे वाहा. मी पुन्हा हेडफोन लावलाय, तो अजून काढलेला नाही.