सरबताचा बर्फ

देवगाव फाट्याजवळच्या त्या गावात कुसुमबाईंशिवाय कुणाचा स्लॅब टाकला जात नाही. तीस वर्षं त्यांनी घमेली वाहिली. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून मिक्सरला पाणी देण्याचं काम त्यांच्याकडे. पाणी ओतण्याआधी त्या कोपर बुडवून बघतात, बाळाच्या अंघोळीचं बघावं तसं. सवय अनुभवानं लागलेली. त्यांच्या स्वतःच्या घराचा स्लॅब तापल्या पाण्यात कालवला होता. तो आजही चुलीवर गळतो.

यंदा विहाराचा स्लॅब बुद्धपौर्णिमेलाच टाकायचा ठरलं. उजाडताच सुरू करा, असं कुसुमबाई आठ दिवस सांगत होत्या. पण वंदना झाली, पाहुण्यांची भाषणं झाली आणि अकरा वाजले. तोवर पाण्याचा टँकर उन्हात उभा.

काँक्रीटचा पहिला माल वर पोचेपर्यंत घमेल्यातच आवळून घट्ट झाला. मिस्त्री सिद्धोधन, त्यांच्या बहिणीचा मुलगा, वरून म्हणाला, "मावशी, पाणी वाढवा."

कुसुमबाईंनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या.

"ह्या पाण्यात च्या व्हईल, स्लॅब न्हाई. वाढवलं तर वरून गुळगुळीत दिसंल अन् आतून भुसभुशीत ऱ्हाईल. माझ्या घरी यिऊन बघ."

सिद्धोधन खाली उतरला. उद्यावर ढकललं तर पौर्णिमा हुकणार होती, आणि माणसंही पुन्हा जमणार नव्हती. कुसुमबाईंची नजर मांडवाकडे गेली. तिथं महिला मंडळाच्या धम्मशीलाबाईंनी सरबतासाठी सेलूहून आणलेल्या बर्फाच्या दोन लाद्या गोणपाटात झाकून ठेवल्या होत्या. कुसुमबाईंनी त्या मागितल्या.

"अन् पाहुण्यांनी काय कोमट सरबत प्यायचं?"

"पितील की. भगवंताच्या डोक्यावर गळाया नगं."

धम्मशीलाबाईंनी स्वतःच गोणपाट ओढलं.

बर्फ फुटून पिंपात पडला. घराघरांतून रांजणाचं पाणी आलं. शेवटचा खडा विरघळेपर्यंत कुसुमबाईंनी थेंब दिला नाही. आवळलेला माल पायरीच्या खड्ड्यात गेला. नवा माल थापीखाली लोण्यासारखा पसरला आणि उन्हं कलायच्या आत स्लॅब पुरा झाला. धम्मशीलाबाई मात्र आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पावसाळ्यात वर्षावासाचं ग्रंथवाचन नव्या विहारात सुरू झालं, तेव्हा बाहेर तीन दिवसांची झड लागली होती. कुसुमबाई आत आल्या, आधी मान वर करून छताचे चारी कोपरे न्याहाळले. कोरडे होते. मग पंचांग प्रणाम केला.

धम्मशीलाबाईंनी बाजूला सरकून त्यांना चटईवर जागा दिली.