हवेतला सूर

सगळे तिला 'हवावाली' म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तीही बिनदिक्कत 'ओ' द्यायची. कारण बाई वाजवायची ते वाद्य हातात धरायचं नव्हतंच मुळी. टेबलावर एक लाकडी पेटी, पेटीवर उभी सळई, बाजूला तारेचं वळं. सळईजवळ उजवा हात नेला की सूर चढायचा, वळ्यावरून डावा हात उचलला की आवाज मोठा व्हायचा. स्पर्श कशालाच नाही! पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास टेबलाखाली वाकायचा, खाली कोणी लपलंय का म्हणून.

आधी ती व्हायोलिन वाजवायची, सिनेमांच्या वाद्यवृंदात, पहिल्या खुर्चीवर. मग बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. तार दाबली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. धाकट्या बहिणीला तिनेच शिकवलं होतं, ती खुर्ची धाकटीला मिळाली. धाकटी राहायलाही हिच्याच घरी; ती रियाजाला बसली की ही स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटायची. शेवटी नवऱ्याने, रेडिओ दुरुस्त करायचा तो, ही पेटी बनवून दिली. "निदान भांडी तरी वाचतील," म्हणाला.

पेटीला काम मिळालं ते टीव्हीवरच्या अंतराळाच्या मालिकांत. उडती तबकडी उतरली, बोलवा हवावालीला. यंत्रमानवाचे डोळे पेटले, बोलवा. काचेच्या खोलीत एकटीला बसवायचे आणि सांगायचे, "बाई, जरा घाबरवा." ती असं घाबरवायची की घरोघरची पोरं पलंगाखाली शिरायची. पण जिने उभं आयुष्य गाणं वाजवलं, तिचं नुसतं 'ऊंऊं' करून मन भरेल होय?

मग तो सिनेमा आला. त्यात यानाबाहेर काम करणाऱ्या प्रवाशाची दोरी तुटते आणि तो आपल्या निळ्या जगाकडे बघत लांब लांब जात राहतो. संगीतकार तसा तिरसट, पण कान सोन्याचा. तो म्हणाला, "इथे भीती नको. लांबून कोणीतरी त्याला हाक मारतंय, असं वाटलं पाहिजे. पेटीवर जमलं तर ठीक, नाहीतर व्हायोलिनवर घेऊ." व्हायोलिनवर म्हणजे धाकटीकडे. हवावाली काय ते समजली. हे जमलं तर आपण पुन्हा गाणं वाजवणारे, नाहीतर जन्मभर तबकडीवाले.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. रिकाम्या हॉलमध्ये निवांत सूर लावला, अगदी चोख. मग चाळीसेक वादक आले, खुर्च्या सरकल्या, संगीतकाराने काठी उचलली, हिने पहिला सूर धरला, आणि मेला पार घसरलेला! या वाद्याला नुसता हात नाही, जवळपासच्या प्रत्येकाचं अंग लागतं. कोणी येऊन बसलं की सूर बदलतो. एरवी तिने हे झोपेतही सांगितलं असतं, पण वर्षानुवर्षं काचेत एकटी बसून तिला माणसांचा विसरच पडला होता.

तिने बटण फिरवून सूर पुन्हा जुळवला. वाद्यवृंद सुरू झाला आणि सूर डुलायला लागला. धाकटीची खुर्ची सगळ्यात जवळ, तिचा कोपर हलला की पेटी विव्हळायची.

"भूत खोकतंय," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

संगीतकाराने काठी खाली ठेवली. "पुरे झालं, बाई. व्हायोलिनवर घेऊ."

धाकटीने व्हायोलिन उचललं नाही. गज मांडीवर आडवा ठेवला. "ताई, माझ्यामुळे बिघडतंय ना?"

"सगळ्यांमुळे," ताई म्हणाली. "साथच नको मला. एकटीने वाजवते."

"मग काढतो सगळ्यांना बाहेर!"

"नको, नको! आता सगळ्यांना धरून सूर लावलाय. एक जण उठला तरी मोडेल. फक्त हलू नका."

संगीतकार वादकांकडे वळला. मग म्हणाला, "ऐकलंत ना? एकदाच. पापणीसुद्धा जपून हलवा."

लाल दिवा लागला. चाळीस माणसं गज, बासऱ्या, तुताऱ्या जिथल्या तिथे धरून दगडासारखी बसली. ताईने हात उचलला. आणि काय सांगावं! त्या वाकड्या बोटांतून, नुसत्या हवेतून, एक आवाज निघाला. बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, तंतूचा म्हणावा तर तंतूचाही नाही. भर दुपारी, चार भिंतींच्या आत, त्या माणसांना आभाळाचा तळ सुटल्यासारखं झालं. मघाशी हसणाऱ्याच्या अंगावर काटा आला. आपण नुसते बसलोय, आपण आहोत म्हणूनच हा सूर असा लागतोय, हे ज्याला त्याला कळत होतं, आणि श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

ताईचं लक्ष सळईवर होतं. शेवटचा सूर लांबवताना तिची नजर सहज धाकटीवर गेली. पोरीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं, आणि तिने पुसायला हात उचलला नव्हता.

सूर विरला. लाल दिवा विझला. तरी कोणी हलेना.

"आता पूस गं," ताई म्हणाली. "झालं वाजवून."