बंड्या पोचला की नाही

आमच्या मुलीने शिकायला परदेशी जायचं की नाही, हे एका मासेखाऊ पक्ष्यावर सोपवण्याची कल्पना माझी होती. एवढ्या मोठ्या चुका वीणा मला सहसा करू देत नाही, पण त्या दिवशी तिचं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे होतं.

झालं असं की ऋजूला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीला, फिनलंडमध्ये पाणी शुद्ध करण्याच्या कुठल्याशा अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. जानेवारीत जायचं होतं आणि येते की नाही ते नोव्हेंबर संपायच्या आत कळवायचं होतं. वीणाने 'नाही' असं म्हटलंच नाही. ती नुसती म्हणायची, "जाईल हो, पण एकटी कशी जाईल?" मी विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचं, हा माझा धंदा. कुणाला धीर देण्याचा मला काडीचा अनुभव नाही. तरी बापाचं कर्तव्य म्हणून मी त्या गावाची माहिती शोधत बसलो आणि तिथे मला तो नकाशा सापडला.

तिकडचे शास्त्रज्ञ ऑस्प्रे नावाच्या पक्ष्याच्या (घारीएवढा असतो, तळ्यात झेप घालून मासा उचलतो) पायात रंगीत कडी घालतात आणि पाठीवर छोटासा ट्रान्समीटर बांधतात. पक्षी कुठे आहे ते उपग्रहावरून कळतं आणि प्रत्येकाचा एक रंगीत ठिपका नकाशावर सरकताना कुणालाही घरबसल्या दिसतो. त्यात एक पिल्लू होतं, ऋजूच्या होणाऱ्या कॉलेजजवळच्याच तळ्यावरचं. उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेलं आणि सप्टेंबरात एकटं आफ्रिकेला निघालेलं! मी लॅपटॉप घेऊन थेट ओट्याशी गेलो.

"हे बघ," म्हटलं, "काल जन्मलेलं पोर. बरोबर आई नाही, बाप नाही, फोन नाही. आणि आपली एवढी तेवीस वर्षांची घोडी."

वीणाने चष्मा लावून ठिपका पाहिला. "पोचलं का?"

"आत्ताच तर निघालंय."

"मग पोचलं की सांगा. ते पोचलं तर ऋजू जाईल."

मी हसलो. तेवढं एकदाच. पुढचे दोन महिने मी हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येईना, म्हणून वीणाने त्याचं नाव बंड्या ठेवलं. नाव ठेवलं की माणूस अडकतो. तिसऱ्या दिवसापासून बंड्याने आज कुठे मुक्काम केला, हे आमच्याकडे चहाच्या आधी बघितलं जाऊ लागलं. आणि जी माहिती हाती लागे, ती नेमकी माझ्यावर उलटे. बंड्या का निघाला, तर तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात, मासा मिळत नाही. "म्हणजे पाखराला कळतं की तिथून पळावं," वीणा म्हणाली, "आणि तुम्ही पोरीला तिथेच पाठवताय, तेही जानेवारीत." पुढे कळलं की ऑस्प्रेची आई पिल्लांच्या आधीच निघून जाते आणि बाप मागे राहून त्यांना मासे भरवतो. मी ते जरा अभिमानाने वाचून दाखवलं. तो दिवसभर मला स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

अशात आमचे शेजारी पवार भिया (इकडे भाऊला भियाच म्हणतात) यांना सुगावा लागला. पवारांचे पूर्वज इथे संस्थानच्या फौजेत होते. हे स्वतः राजवाड्याजवळ पडद्यांचं कापड विकतात, पण कूच, मुक्काम, रसद यांवर बोलायची हौस रक्तातच आहे. त्यांनी बंड्याची मोहीम ताब्यातच घेतली. रोज दुकानाला जाताना फाटकाशी स्कूटर थांबवायची आणि हवेची दिशा सांगायची.

"भाऊजी, टेन्शनच नका घेऊ. लौंडा एकदम बरोबर लाइनवर आहे. हवा फक्त पीछे से लागली पाहिजे, बस."

हवा पीछे से लागली नाही. बंड्या काळ्या समुद्रावर गेला आणि ठिपका दिसेनासा झाला. वीणाने देवापुढे दिवा लावला. (मासे खाणाऱ्या पक्ष्यासाठी आमच्या घरात संकष्टी धरली गेली, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.) मग तो तुर्कस्तानात उगवला, तर पवार भियांनी आमच्या सुदामा नगरात गल्लीभर बातमी फिरवली. आता भाजीवाल्यासमोरही बायका मला विचारत, "बंड्या कसा आहे?" ऋजू कशी आहे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. ती पोर खोलीत दार लावून बसायची आणि दर तासाला नकाशा बघायची, हे मला माहीत होतं.

नोव्हेंबरात बंड्या वाळवंटावर गेला आणि सिग्नल बंद पडला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा गेला. मी पवारांना विचारलं, तर त्यांनी पहिल्यांदाच हवेचं काही सांगितलं नाही, नुसती स्कूटर सुरू केली. वीणाने दिव्यात तेल घालणं थांबवलं नाही, पण माझ्याकडे नकाशा मागणं थांबवलं. कळवायची तारीख चार दिवसांवर आली, तेव्हा ऋजू माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी मार्क्स आणले, मुलाखत दिली, सगळं माझं मी केलं. आणि तुम्ही मला एका पक्ष्याच्या गळ्यात बांधून टाकलंत."

इतकी शरम मला आयुष्यात वाटलेली नाही. शरमेच्या भरात माणूस शहाणपणा करेल, तर तो माणूस मी नव्हे. मी नकाशावर शोधू लागलो. आफ्रिकेतल्या एका तलावाच्या काठी एक जांभळा ठिपका निवांत बसलेला होता. बंड्याचा निळा होता. निळ्या-जांभळ्यातला फरक साडीच्या दुकानाबाहेर कुणाला कळतो? मी बाहेर येऊन जाहीर केलं, "बंड्या पोचला!"

मला वाटलं होतं वीणा मान हलवेल आणि प्रकरण मिटेल. पण पवार भिया नेमके फाटकाशी होते. अर्ध्या तासात ते सगळ्या गल्लीसाठी पोहे-जलेबी घेऊन आले. लोक जमले. कुणी वीणाला मिठी मारली. देवासहून वीणाच्या मावशीचा फोन आला. पवार भियांनी उभं राहून सांगितलं की पोराने खानदानाचं नाव काढलं. (कुणाच्या खानदानाचं, ते स्पष्ट झालं नाही.) ऋजू माझ्याकडे बघत होती, आणि मी शेव मोजत असल्यासारखा प्लेटमध्ये बघत होतो.

वीणाने मला हाताने खूण करून आत बोलावलं. तिच्या हातात तिचा फोन होता आणि फोनवर तोच नकाशा. तो तिच्याकडेही आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

"हा जांभळा ना?" ती म्हणाली. "ही बाई आहे. ही बंड्याची आई. मी रोज बघते हिला."

बाहेर कुणीतरी आणखी जलेबी मागत होतं.

"ती केव्हाची पोचलीय," वीणा म्हणाली. "बसलीय आपली पाण्याकाठी. मागे काय झालं, तिला पत्ताही नाही. आधी राग यायचा मला तिचा. आता वाटतं, बरं आहे तिचं." तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. "बंड्या गेला हो. पण तिथेच बसून राहिला असता, तर तळं गोठून उपाशी मेला असता. मी ऋजूला हेच करत होते. जाऊ दे तिला."

आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून रडलो. मग मला बाहेर जाऊन एकेका शेजाऱ्याला खरं सांगावं लागलं. पवार भियांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "भाऊजी, जलेबी तर आता वापस नाही होणार." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तेही डोळे पुसू लागले.

जानेवारीत ऋजू गेली. फोनचं लोकेशन कायम चालू ठेवायचं, ही अट माझी. वीणाने एकही अट घातली नाही. ती जांभळी बाई आणि ऋजू, दोघींना सकाळी एकदा बघते आणि कामाला लागते.

फेब्रुवारीत एका दुपारी मी एका चेपलेल्या ट्रकपाशी उभा असताना ऋजूचा ठिपका पाहिला. तलावात! काठावर नव्हे, मधोमध. फोन लावला तर बंद. त्या देशात मी कुणालाच ओळखत नव्हतो, फक्त ते पक्ष्यांचे शास्त्रज्ञ. म्हणून त्यांनाच लिहिलं की आमची मुलगी तलावात पडली आहे, शेवटचा सिग्नल अमुक ठिकाणी, कृपा करून ताबडतोब कुणालातरी पाठवा. मग वीणाला फोन केला. ती शांतपणे म्हणाली की तळी गोठलीत, त्यावर लोक चालतात, वर्गाबरोबर फिरायला चाललेय असं पोरीने सकाळीच सांगितलंय, आणि थंडीत बॅटरी बसते.

संध्याकाळी घरी आलो, तर शास्त्रज्ञांकडून उत्तर आलेलं होतं. आलेल्या प्रत्येक संदेशाला यंत्रच पाठवतं, तसलं. कळवल्याबद्दल आभार, पायातल्या कडीचा रंग आणि क्रमांक कृपया कळवावा.

वीणाने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"लिहा त्यांना," मग म्हणाली, "पैंजण होते चांदीचे. ते इथेच काढून ठेवून गेलीय."

आणि मी, काय सांगू, तसं लिहून पाठवलंसुद्धा!