आक्कांचा जिना

मास्तर गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ लोकांशेजारी जीव मुठीत धरून बसण्यात उमर गेलेली. घरी बायकोनं जरा घाईनं वाढलं तरी त्यांचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबायचा.

असा माणूस घर घेणार म्हणजे घराचीच परीक्षा. वरच्या मजल्यावरच्या त्या खोल्यांच्या भिंती त्यांनी ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, खिडक्यांची उघडमीट करून विकणाऱ्याला वात आणला.

"अहो, घर घेताय की लायसन्स देताय?" बायको म्हणाली.

शेवटी पसंती झाली. भाड्याची खोली सोडली, तिथं दुसरा भाडेकरूही ठरला, भांडी पोत्यात गेली. आणि खरेदीखताच्या आदल्या दिवशी कागद तपासणाऱ्या वकीलबाईंचा फोन आला.

"मास्तर, खोल्या मिळतील. जिना नाही मिळणार."

जिना निघाला विकणाऱ्याच्या थोरल्या बहिणीच्या नावावर. या आक्का खालीच राहत. भाऊ तरुणपणी रात्री-अपरात्री उंडारायचा, म्हणून बापानं वाटणीत खोल्या त्याला दिल्या आणि जिना आक्कांना. घरात शिरायचं तर बहिणीला तोंड दाखवून!

मास्तरांनी एवढं घर ठोकून पाहिलं आणि ज्यावरून रोज चढले तेवढंच विचारायचं राहिलं. आता ना ते घर, ना हे.

सगळे आक्कांसमोर जाऊन उभे राहिले. केस पिकलेला भाऊ पुटपुटला, "आक्के, सोड ना आता जिना."

"सोडते की. मग तू लांबच्या नव्या घरातून इकडे फिरकशील?"

मास्तरांची बायको पुढे सरसावली. "आक्का, जिना आम्हाला द्या. दर रविवारी झाडायला मात्र तुमचे भाऊच येतील."

आक्का इतक्या खूश झाल्या की पेन उलटं धरूनच सही करायला लागल्या.

भाऊ दर रविवारी कुरकुरत यायचा, झाडून जायचा. आक्का खुर्चीत बसून कोपरे दाखवायच्या, मग चहा पाजायच्या. एका रविवारी तो म्हणाला, "जिना तर चकाचक आहे. पुढच्या वेळी येत नाही." आक्कांचा चेहरा एवढासा झाला. वरून पाहणाऱ्या मास्तरांना फार वाईट वाटलं.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मास्तर बुटांची माती पायरीपायरीवर नीट झटकत वर जातात. एकही पायरी सोडत नाहीत.