पत्ता नसलेला कुर्ता

मोबाइलवरच्या जाहिरातीत एक निळा कुर्ता आवडला. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणून मी तिच्या पानावर थेट तळाशी गेले. मी ज्या संघटनेत काम करते तिथली ही सवय. आम्ही मोर्चाचं साधं पत्रक काढलं तरी खाली प्रकाशकाचं आणि छापखान्याचं नाव टाकतो. कुणाला भांडायला यायचं असेल तर कुठे यावं हे कळायला नको? इथे ‘आमची गोष्ट’ होती, हसऱ्या मुली होत्या, पत्ता मात्र नव्हता. लोकांकडून आधी पैसे घ्यायचे आणि स्वतःचं दार लपवायचं, याला धंदा म्हणायचं का?

कुर्ता घेऊ का विचारायला आईला फोन केला.

“हाताला कसं लागतंय कापड?”

“आई, फोनमध्ये आहे ते.”

“मग मला काय विचारतेस? तिथे कुणाला तरी दाखव की.”

गावी नवं कापड घरात आलं की शेजारच्या बायका ते चिमटीत चोळून बघायच्या आणि नावं ठेवल्याशिवाय चहाला हात लावायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा. या शहरात माझ्या खोलीत येऊन माझ्या कपड्याला नावं ठेवील असं कुणी नाही.

जाहिरातीखाली एका बाईंनी तोच कुर्ता घालून फोटो टाकला होता. मागे दोरीवर टॉवेल वाळत होता. “काखेत घट्ट होतो, एक साइज मोठा घ्या,” असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना विचारलं, “ताई, धुतल्यावर रंग गेला का?”

कुर्ता नाही घेतला तरी चालेल. त्या काहीतरी लिहितील म्हणून सकाळपासून फोन उघडून बघतेय.